भारतवारीआधी परतीचे कागद बघा (अमेरिकेत राहणाऱ्या, पण नागरिक नसलेल्यांसाठी)

पारिजातक

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दरवर्षी तेच प्रश्न येतात आणि निम्मी उत्तरं ऐकीव असतात. "माझ्या मावसभावाला तर कोणी काही विचारलं नाही" यावर विसंबून लोक तिकिटं काढतात. मावसभावाचं स्टेटस (कोणत्या परवानगीवर इथे राहता ते) वेगळं, तुमचं वेगळं. म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी वकील नाही, इमिग्रेशनच्या एका लॉ ऑफिसात पॅरालीगल (वकिलांची सहाय्यक) आहे, त्यामुळे कागद रोज हाताखालून जातात.

अमेरिकेतून बाहेर पडताना सहसा कोणी अडवत नाही, सगळा प्रश्न परत येण्याचा असतो. तिकीट काढायच्या आधी दोनच गोष्टी बघा: मी देशाबाहेर पाऊल टाकलं की माझं काय रद्द होतं, आणि परत येताना विमानतळावर मी कोणता कागद दाखवणार. याचं उत्तर पक्कं नसेल तर तिकीट काढू नका, कितीही स्वस्त मिळत असलं तरी.

एच-१बीवाल्यांचा, म्हणजे कंपनीमार्फत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचा, सगळ्यात मोठा घोळ तीन कागदांचा. पासपोर्टमधला व्हिसा स्टॅम्प फक्त दारात उभं राहण्यासाठी असतो. आय-७९७ म्हणजे तुमच्या कंपनीची पिटिशन (तुम्हाला नोकरीवर ठेवण्याचा अर्ज) मंजूर झाल्याचं पत्र. आणि तुम्ही इथे कधीपर्यंत राहू शकता हे ठरतं आय-९४ वरून, म्हणजे देशात शिरताना होणाऱ्या मुदतीच्या नोंदीवरून. स्टॅम्प संपला तरी आय-९४ चालू असेल तोवर इथे राहणं आणि नोकरी करणं कायदेशीर आहे. पण एकदा भारतात गेलात की संपलेल्या स्टॅम्पवर परत येता येत नाही, कॉन्सुलेटची पायरी चढावी लागते.

आणि ही पायरी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २ सप्टेंबर २०२५ पासून ड्रॉपबॉक्सची (इंटरव्ह्यूशिवाय नुसते कागद जमा करायची) सवलत बहुतेकांसाठी बंद झाली, समोर जाऊन इंटरव्ह्यू द्यावा लागतो, १४ वर्षांखालच्या मुलांनासुद्धा. त्याच महिन्यात अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करा असंही सांगण्यात आलं, म्हणजे मधेच तिसऱ्या देशात जाऊन स्टॅम्पिंग उरकण्याची वाट जवळजवळ बंद. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) च्या अर्जदारांची सोशल मीडिया खाती तपासणं सुरू झालं. त्यासाठी खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात. त्या वेळी भारतातल्या हजारो लोकांच्या डिसेंबरच्या तारखा एकदम पुढच्या वर्षातल्या मार्चवर आणि त्याहीपुढे गेल्या. घरी लग्नाला म्हणून आलेली माणसं तिथेच अडकली. इकडे घरभाडं चालू, मुलांची शाळा सुरू झालेली, कंपनी विचारतेय कधी येणार.

त्यामुळे ज्यांना स्टॅम्पिंग लागणार आहे त्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे. तीन-चार महिने तिकडे राहावं लागलं तर नोकरी टिकेल का, हे मॅनेजरकडून ईमेलवर लेखी घ्या, मगच निघा. भारतात बसून काम करायची परवानगी सगळ्या कंपन्या देत नाहीत. क्लायंटचा डेटा देशाबाहेर उघडायला मनाई असते, पगाराचा आणि कराचा प्रश्न असतो.

बाकी स्टेटसवाल्यांनी आपापले प्रश्न विचारा, माहीत असेल ते सांगते.

*

गोदाकाठ

फार गरजेचा धागा. माझा प्रश्न: स्टॅम्प जुन्या कंपनीच्या नावाचा आहे, पुढच्या वर्षापर्यंत चालू आहे. दरम्यान नोकरी बदलली, नवीन आय-७९७ आला आहे. नवीन स्टॅम्प घ्यावा लागेल का?

*

पारिजातक

@गोदाकाठ, नाही. जुन्या कंपनीच्या नावाचा एच-१बी स्टॅम्प मुदतीत असेल तर तो नवीन आय-७९७ सोबत चालतो. मूळ आय-७९७ हँडबॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको. सोबत नोकरीचं पत्र आणि ताज्या पे-स्लिप. अधिकाऱ्यासमोर पासपोर्ट देतानाच आय-७९७ पण पुढे करा, नाहीतर तो जुन्या व्हिसावरची तारीख बघून आय-९४ देऊन मोकळा होतो.

*

सह्यकडा

आय-९४ वर भर द्याल का अजून? लोक तो बघतच नाहीत. माझ्या टीममधल्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो, कारण ती कुणाच्याही बाबतीत होऊ शकते.

तो भारतातून परत आला तेव्हा पिटिशन अजून अडीच वर्षं चालणार होती, पण पासपोर्टची मुदत वर्षाच्या आत संपत होती. अधिकाऱ्याने आय-९४ पासपोर्ट संपतो त्या तारखेपर्यंतचाच दिला. याने नंतर भारतीय पासपोर्ट रिन्यू केला आणि निर्धास्त झाला. आय-९४ ची तारीख मात्र तीच राहिली. पासपोर्ट नवा झाला म्हणून ती आपोआप पुढे जात नाही. एचआरने दुसऱ्याच कामासाठी कागद मागवले तेव्हा हे उघडकीला आलं, मुदत संपायला काही आठवडे असताना. कंपनीने घाईघाईने एक्स्टेन्शन भरलं म्हणून निभावलं. बायकोचा आय-९४ वेगळा, तिची तारीख वेगळी, तिचं वेगळं भरावं लागलं.

ती तारीख उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त राहिलं आणि मग बाहेर गेलं तर तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष उलटलं तर दहा वर्षं.

*

पारिजातक

@सह्यकडा, +१. प्रत्येक वेळी परत आल्यावर घरी पोचलात की सीबीपीच्या (विमानतळावर प्रवेश तपासणाऱ्या खात्याच्या) साइटवर जाऊन घरातल्या प्रत्येकाचा आय-९४ उतरवून घ्या. अगदी बाळाचासुद्धा, बाळ अमेरिकन नागरिक नसेल तर.

यात दोन प्रकार आहेत आणि उपाय वेगळे आहेत. अधिकाऱ्याकडून चूक झाली असेल, म्हणजे नवीन आय-७९७ असूनही जुन्या व्हिसाची तारीख दिली असेल, तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसकडून दुरुस्त करून मिळू शकतं. पण पासपोर्टमुळे तारीख कमी मिळाली असेल तर ती चूक धरत नाहीत. तिथे एक्स्टेन्शन भरायचं, नाहीतर नवीन पासपोर्टवर एकदा बाहेर जाऊन परत यायचं. त्यापेक्षा पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर आधी तो रिन्यू करा आणि मग प्रवास करा. व्हिसा जुन्या पासपोर्टात असला तरी चालतो, फक्त दोन्ही पासपोर्ट बरोबर हवेत.

*

रेवाकाठी

आमचा प्रश्न आई-बाबांचा आहे. दोघांची ग्रीन कार्डं आहेत. इथे थंडीत त्यांना करमत नाही, वर्षातले सात-आठ महिने ते भारतातच असतात. "दर सहा महिन्यांनी एकदा येऊन गेलं की कार्ड टिकतं" असं सगळे सांगतात. मागच्या वेळी त्यांना आत बसवून बरेच प्रश्न विचारले. बाबा आता यायलाच नको म्हणतात.

*

रानवारा

सहा महिन्यांचं गणित बरोबर आहे की. आमचे सासू-सासरे कितीतरी वर्षं तसंच करत आहेत.

*

पारिजातक

@रानवारा, हे गणित अपुरं आहे आणि त्याने लोक अडचणीत येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायमचं राहण्याचा हक्क. ते भेटीला येण्याजाण्याचं कार्ड नव्हे. सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर परत येताना तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारे समजून प्रश्न विचारले जातात. पण त्याच्या आत आलात म्हणून कोणी विचारणारच नाही असं नाही. अधिकारी बघतो तो एकूण प्रकार: घर कुठे आहे, कर कुठे भरता, बँक खातं, औषधोपचार, घरचं सामान कुठे. वर्षानुवर्षं पाच महिने तिकडे आणि तीन आठवडे इकडे असं चाललं असेल तर तुम्ही इथले रहिवासी नाहीच, असं तो म्हणू शकतो. २६ डिसेंबर २०२५ पासून नागरिक नसलेल्या प्रत्येकाचा फोटो येताना आणि जातानाही घेण्याचा नियम लागू झाला आहे, त्यामुळे कोण किती दिवस बाहेर होतं हे त्यांच्या पडद्यावर असतं.

सलग वर्षभर बाहेर राहिलं तर नुसत्या कार्डावर प्रवेश मिळत नाही. जास्त राहायचं हे आधीच माहीत असेल तर री-एंट्री परमिट घ्या. फॉर्म आय-१३१, तो अमेरिकेत असतानाच भरावा लागतो आणि बोटांचे ठसेही इथेच द्यावे लागतात. त्यानंतर निघायला हरकत नाही. परमिट साधारण दोन वर्षांचं मिळतं.

@रेवाकाठी, तुमच्या आई-बाबांसाठी यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फॉर्म आय-४०७. आत बसवून थकलेल्या म्हाताऱ्या माणसांपुढे कधी कधी हा कागद ठेवला जातो. त्याचा अर्थ, मी माझं ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडतो. त्यावर सही करायची सक्ती कुणालाही करता येत नाही. नको म्हणायचा हक्क आहे. अधिकाऱ्याला संशय असेल तर तो प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशाकडे पाठवू शकतो, आणि न्यायाधीशाचा निकाल लागेपर्यंत ते ग्रीन कार्डधारकच राहतात. हे त्यांना मराठीत, शांतपणे, दोन-तीनदा समजावून सांगा. एका कागदावर इंग्रजीत लिहून द्या: "हा फॉर्म मी सही करणार नाही, मला न्यायाधीशापुढे जायचं आहे, मला मराठी दुभाषी हवा." तो कागद बाबांच्या खिशात असू दे.

पण खरं सांगू का, त्यांना इथे राहायचंच नसेल तर तेही ऐकून घ्या. कार्ड रीतसर परत करून व्हिजिटर व्हिसावर यायचा पर्याय आहे. कार्ड टिकवण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या माणसांना दर काही महिन्यांनी अठरा-वीस तासांच्या विमानात बसवायचं, हे मला योग्य वाटत नाही.

*

रेवाकाठी

खूप खूप धन्यवाद. खिशातल्या कागदाचं सुचलंच नव्हतं. आजच लिहून ठेवते. शेवटचा परिच्छेद बाबांना वाचून दाखवणार आहे.

*

कृष्णाकोयना

नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल तर हिशोब आणखी कडक आहे, तोही सांगा. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटलं असं धरतात आणि ते तुटलं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. वर्ष झालं की तुटलंच. शिवाय पाच वर्षांत निदान ३० महिने प्रत्यक्ष इथे हवेत. मी येण्याजाण्याच्या तारखा पहिल्यापासून एका वहीत लिहून ठेवल्या, बोर्डिंग पासांसकट. अर्जात सगळ्या तारखा विचारतात, तेव्हा फार उपयोग झाला.

आणि कर भरताना काही जण पैसे वाचवायला अनिवासी म्हणून १०४०-एनआर भरतात. ग्रीन कार्डवाल्याने तसं करणं म्हणजे मी इथे राहत नाही हे स्वतःच लिहून देणं.

*

शिशिरपान

आमचं आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरलेलं आहे. अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) अजून आला नाही. आजी खूप आजारी आहे. गेलो तर अर्ज बुडतो का?

*

पारिजातक

@शिशिरपान, तुम्ही एच-१ किंवा एच-४ वर असाल (कंपनीतल्या बदलीचे एल-१, एल-२ सुद्धा), त्या स्टेटसचा व्हिसा चालू असेल आणि परत येताना त्याच स्टेटसवर आलात, तर अर्ज बुडत नाही. बाकी बहुतेकांचा, उदाहरणार्थ एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून थेट आय-४८५ भरलेल्यांचा, अ‍ॅडव्हान्स पॅरोल हातात येण्याआधी निघालं तर बुडतो. नुसता अर्ज भरलेला असून भागत नाही, मंजूर व्हायला हवा. तातडीच्या कारणासाठी लवकर द्या अशी विनंती करता येते, त्याला हॉस्पिटलचं पत्र लागेल. तुमच्या वकिलाशी आजच्या आज बोला आणि तुम्ही कोणत्या स्टेटसवर आहात ते मला विपूत (माझ्या खात्यावरच्या विचारपुशीत) कळवा.

असंच आय-५३९ चं. एच-४ वरून एफ-१ वगैरे स्टेटस बदलायचा अर्ज भरलेला असताना बाहेर गेलात तर तो सोडून दिला असं धरतात. हे लोकांना फार उशिरा कळतं.

*

मृगनक्षत्र

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात: आय-२० (कॉलेजने दिलेलं प्रवेशाचं प्रमाणपत्र) वर डीएसओची, म्हणजे कॉलेजातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची, ट्रॅव्हल सही हवी. शिकत असाल तर ती वर्षभर चालते, ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या मुदतीवर) असाल तर सहा महिनेच. ओपीटीवर ईएडी कार्ड (कामाचा परवाना) आणि नोकरीचं पत्र बरोबर ठेवा. स्टॅम्प संपला असेल आणि ओपीटी चालू असेल तर अगदी गरज असल्याशिवाय जाऊ नका, कारण इंटरव्ह्यूत "परत जाणार का" याचं उत्तर नोकरी लागल्यावर देणं अवघड जातं.

*

तुंगभद्रा

फोन तपासतात का हो? माझ्या मुलीला याचीच भीती वाटते, तिचा एफ-१ आहे.

*

सह्यकडा

@तुंगभद्रा, तपासू शकतात, त्यासाठी त्यांना वॉरंट लागत नाही. प्रत्यक्षात फार थोड्या प्रवाशांचा फोन बघितला जातो, पण तयारी असावी. सीबीपीच्या नियमावलीप्रमाणे फोनमध्ये जे साठवलेलं आहे तेवढंच बघायचं, क्लाउडवरचं नाही. म्हणून विमान उतरतानाच फोन एअरप्लेन मोडवर ठेवावा. व्हिसावर असलेल्या माणसाने पासवर्ड द्यायला नकार दिला तर फोन ठेवून घेऊ शकतात आणि प्रवेशही नाकारू शकतात. ग्रीन कार्डवाल्यांची बाजू त्यापेक्षा मजबूत असते. निघायच्या आदल्या रात्री घाबरून सगळं पुसून टाकू नये, रिकामा फोन बघून उलट संशय येतो. आणि विचारलं ते खरं सांगावं, तेवढंच सांगावं.

*

अबोली

वाटेतल्या विमानतळांचं कोणी बोललं नाही. लंडनमार्गे जाताना भारतीय पासपोर्टवाल्यांना ट्रान्झिट व्हिसातून सूट मिळते ती चालू अमेरिकन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर. स्टॅम्प संपलाय आणि हातात फक्त आय-७९७ आहे, तर सूट नाही. अशा वेळी थेट विमान घ्या किंवा ज्या देशातून जायचं त्याचा नियम त्यांच्या सरकारी साइटवर बघून घ्या. एजंटवर विसंबू नका.

दुबई किंवा अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनी बॅगेत खसखस अजिबात ठेवू नये. तिथे ती अमली पदार्थांत धरतात. सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेल्या अनारशांवर खसखस असते, तीही बघा. झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्या मूळ डबीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

*

पारिजातक

@अबोली, खसखशीचं फार बरं केलंत. अबू धाबीबद्दल आणखी एक: तिथे अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी विमानात बसण्याआधीच होते. काही अडचण आली तर तुम्ही अजून अमेरिकेच्या भूमीवर नसता, त्यामुळे न्यायाधीशापुढे जायचा मार्ग तिथून तितका सोपा नसतो. ज्या ग्रीन कार्डवाल्यांना जास्त काळ बाहेर राहिल्यामुळे प्रश्न विचारले जातील असं वाटतं, त्यांनी सरळ अमेरिकेतच उतरणारं विमान निवडावं.

*

नागकेशर

विषय थोडा नाजूक आहे. काही वर्षांपूर्वी गाडी चालवताना दारूची केस झाली होती, नंतर कोर्टाने काढून टाकली. जायला हरकत नाही ना?

*

पारिजातक

@नागकेशर, वकिलाला भेटल्याशिवाय जाऊ नका. अटक झाली होती एवढ्यावरूनही व्हिसा रद्द होऊ शकतो, केस पुढे निकाली निघाली तरी, आणि तो रद्द झाल्याचं तुम्हाला विमानतळावर कळू शकतं. कोर्टाकडून निकालाची प्रमाणित प्रत घ्या आणि कायम जवळ ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांनाही हेच, अगदी वीस वर्षांपूर्वीची केस असली तरी.

यातच एक सांगते. तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असेल, पण इमिग्रेशन केंद्र सरकारच्या कायद्याने चालतं आणि तिथे तो गुन्हाच आहे. दोषी ठरायची गरज नाही, कबुली दिली तरी प्रवेश नाकारता येतो. फोनमधले फोटो, दुकानाची पावती, सगळं त्यात येतं.

*

गोदाकाठ

मुलगा इथे जन्मलेला, अमेरिकन पासपोर्ट. आम्हा दोघांचे भारतीय. त्याला काय लागेल?

*

अबोली

@गोदाकाठ, त्याला भारतात शिरायला ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) किंवा ई-व्हिसा लागतो. आई-वडिलांचा पासपोर्ट भारतीय असला तरी. ओसीआयला वेळ लागतो, तिकिटाच्या बऱ्याच आधी अर्ज करा. आई किंवा वडील एकटेच घेऊन जात असतील तर दुसऱ्याचं नोटराइज केलेलं संमतिपत्र ठेवा. जन्मदाखल्याची प्रतही. माझ्या धाकटीच्या वेळी चेक-इन काउंटरवर ते पत्र मागितलं होतं.

*

शिशिरपान

@पारिजातक, विपूला उत्तर मिळालं, आभार. वकिलाशी बोलणं झालं. एच-१बी आहे, स्टॅम्प चालू आहे, त्यामुळे परवा निघतोय. ज्यांचा स्टॅम्प संपलाय आणि घरी अशी वेळ आली त्यांनी काय करायचं, तेही लिहाल का?

*

पारिजातक

@शिशिरपान, नीट जा, आजींना बरं वाटू दे.

आणीबाणीत आधी व्हिसा इंटरव्ह्यूची जी मिळेल ती नेहमीची तारीख घ्यायची, फी भरायची, आणि मग त्याच खात्यातून लवकरच्या तारखेची विनंती करायची. विनंती एकदाच करता येईल असं समजून नीट लिहा, हॉस्पिटलचं पत्र इंग्रजीत जोडा. मिळेलच असं नाही. इंटरव्ह्यूनंतर २२१(जी) चा कागद हातात आला तर त्याचा अर्थ प्रकरण अजून उघडं आहे, पण किती दिवस ते कोणी सांगत नाही. तरीही आई-वडील शेवटच्या आजारात असतील तर माझं मत, जावं. फक्त कंपनीला, घरमालकाला आणि मुलांच्या शाळेला आधी सांगून, घराची किल्ली आणि बिलं भरायची जबाबदारी कुणा विश्वासाच्या माणसाकडे देऊन जावं.

*

रानवारा

सहा महिन्यांबद्दल समजलं, सासऱ्यांशी बोललो, री-एंट्री परमिट भरणार आहोत. आता माझा प्रश्न. टोरांटोला पुतणीचं लग्न आहे. माझा एच-१बी स्टॅम्प संपलाय, आय-९४ अजून दोन वर्षं आहे. स्टॅम्पिंगशिवाय जाऊन येता येईल असं कोणीतरी म्हणालं.

*

पारिजातक

@रानवारा, येतं. याला ऑटोमॅटिक व्हिसा रीव्हॅलिडेशन म्हणतात. फक्त कॅनडा किंवा मेक्सिको, ३० दिवसांच्या आत परत, आय-९४ चालू, आणि त्या मुक्कामात तिथे अमेरिकन व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. अर्ज केला तर ही सवलत गेली. आय-९४ ची प्रिंट, आय-७९७ आणि संपलेला व्हिसा असलेला पासपोर्ट, तिन्ही जवळ ठेवा. एअरलाइनच्या काउंटरवर बऱ्याच जणांना हा नियम माहीत नसतो, म्हणून सीबीपीच्या साइटवरचं ते पान छापून न्या आणि गरज पडली तर सुपरवायझरला बोलवायला सांगा.

मात्र कॅनडात शिरायला तुम्हाला कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागेलच, तो ग्रीन कार्डवाल्यांनाच माफ आहे. लग्नाची तारीख काय आहे? त्याला वेळ लागतो, आजच अर्ज करा.